घरातला जनरल

गेल्या महिन्यात मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका बाईंनी आपल्याकडे लेख पाठवला. वडील वारल्यावर, चेहलुम व्हायच्या आधीच, भावांनी तिन्ही बहिणींना दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नेलं आणि हक्कसोडपत्रावर त्यांच्या सह्या घेतल्या. राहतं घर आणि बाजारपेठेतला गाळा भावांच्या नावावर झाला. बहिणींना एकेक साडी आणि परतताना हॉटेलात जेवण मिळालं. बाईंनी लिहिलंय की थोरले भाऊ पाच वक्तचे नमाजी आहेत, हज करून आलेले आहेत, आणि मुलीच्या वाट्याबद्दल कुराणात काय सांगितलंय ते त्यांना पाठ आहे. लेखाखाली नाव छापू नका, अशी त्यांची विनंती आहे.

हा लेख छापायचा की नाही यावर आपल्या संपादकीय गटात तीन दिवस चर्चा झाली. विरोध करणारे कुणी सनातनी नव्हते, चळवळीत माझ्यापेक्षा जुने असलेले साथीच होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : ‘मुद्दा खरा आहे, पण ही वेळ नव्हे. बाहेर समाजावर काय गुदरतंय ते तुम्ही बघताय. अशात आपल्याच घरातली धुणी आपणच चव्हाट्यावर धुवायची? उद्या हाच लेख आपल्याविरुद्ध फिरवला जाईल.’ ही भीती खोटी नाही. म्हणून मी तिला लगेच उत्तर दिलं नाही.

गेले काही महिने रात्री काम आटोपल्यावर मी नुरुद्दीन फराह या सोमाली कादंबरीकाराची पुस्तकं वाचतो आहे. ‘ही वेळ नव्हे’ हे वाक्य या माणसाने आयुष्यभर ऐकलं असणार, असं वाचताना सारखं वाटत होतं. या महिन्याचं संपादकीय त्यांच्यावर लिहितो आहे. त्या लेखाकडे शेवटी येतो.

फराह यांचा जन्म १९४५ चा, दक्षिण सोमालियातल्या बैदोआ गावचा. वडील व्यापारी, काही काळ ब्रिटिश अंमलदारांचे दुभाषे. आई कवयित्री. ती लिहून कविता करणारी नव्हती, तोंडी कविता रचणारी होती. सोमाली समाजात कविता म्हणजे निवांतपणी करायची गोष्ट नव्हे. भांडण, तह, लग्न, शोक, उंटांवरून झालेला तंटा, सगळ्याची कविता होते, आणि ती तोंडोतोंडी शेकडो मैल जाते. इंग्रजांशी वीस वर्षं लढलेले सय्यद मोहम्मद अब्दुल्ला हसन हे धर्मगुरू होते, सेनानी होते, आणि त्यांच्या भाषेतले मोठे कवीही होते. अशा समाजात आई कवयित्री असणं म्हणजे मुलाला घरातच विद्यापीठ मिळणं.

बालपण गेलं ते कल्लाफो गावात, ओगाडेन प्रांतात. माणसं सोमाली, पण राज्य इथिओपियाचं. पोरगा घरी सोमाली बोले, मदरशात कुराण आणि अरबी शिके, सरकारची भाषा अम्हारिक, मिशनऱ्यांच्या शाळेत इंग्रजी. पुढे मोगादिशूत गेल्यावर त्यात इटालियनची भर पडली. १९६३ मध्ये सीमेवर चकमकी सुरू झाल्या आणि कुटुंबाला गाव सोडावं लागलं. परागंदा होण्याचा त्यांचा पहिला अनुभव अठराव्या वर्षाच्या आतला आहे.

यानंतरचा भाग आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असेल. १९६६ मध्ये हा मुलगा शिकायला भारतात आला. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठात त्याने साहित्य आणि तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला. तिथेच, विशीत, त्याने आपली पहिली कादंबरी लिहिली, ‘फ्रॉम अ क्रुकेड रिब’. लंडनच्या हायनमन प्रकाशनाने १९७० मध्ये ती आपल्या ‘आफ्रिकन रायटर्स’ मालेत काढली. म्हणजे आधुनिक सोमाली साहित्यातलं हे महत्त्वाचं पुस्तक आपल्या देशातल्या एका विद्यार्थ्याच्या खोलीत लिहिलं गेलं.

शीर्षकातली ‘वाकडी बरगडी’ कुठली ते आपल्या वाचकांना सांगायला नको. बाई वाकड्या बरगडीतून घडली, ती सरळ करू जाल तर मोडेल, हे आपण निकाहच्या खुतब्यांत आणि मोहल्ल्यातल्या बयानात ऐकत मोठे झालो. कादंबरीची नायिका एब्ला ही रानावनात गुरं-उंट घेऊन फिरणाऱ्या कुटुंबातली अनाथ मुलगी. आजोबा तिला अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाला द्यायचं ठरवतात, मोबदल्यात उंट घेऊन. एब्ला रातोरात पळते. गावात चुलतभावाकडे आसरा घेते, त्याच्या बायकोचं बाळंतपण करते. काही दिवसांनी कळतं की चुलतभावानेही तिचा सौदा दुसऱ्याशी ठरवलाय. ती पुन्हा पळते, या वेळी मोगादिशूला. लिहितावाचता न येणारी ही मुलगी साऱ्या पुस्तकभर एकच हिशेब मांडत राहते : मला विकणारे सगळे माझेच नातेवाईक कसे?

तेवीस-चोवीस वर्षांच्या एका मुस्लिम तरुणाने हे लिहिलं तेव्हा सोमालियाला स्वातंत्र्य मिळून दहा वर्षंही झाली नव्हती. त्यालाही कुणी म्हणू शकलं असतं की देश नवा आहे, आधी देश उभा राहू दे. ज्या वर्षी हे पुस्तक आलं त्याच वर्षी, मार्च १९७० मध्ये, पुण्यात हमीद दलवाईंनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. दलवाईंबद्दल आपल्या वाचकांची मतं वेगवेगळी असतील, माझीही पूर्ण एक नाहीत. पण वेळ योग्य नाही हे त्यांनाही सांगितलं गेलंच होतं.

फराह चंदीगडला असतानाच, ऑक्टोबर १९६९ मध्ये, मोगादिशूत लष्कराने सत्ता घेतली. जनरल सियाद बार्रे यांनी संसद बरखास्त केली आणि ‘वैज्ञानिक समाजवाद’ जाहीर केला. सुरुवातीला शिकलेल्या तरुणांना त्यात आशा वाटली, आणि याला कारणंही होती. १९७२ मध्ये सोमाली भाषेला अधिकृत लिपी मिळाली. अरबी, रोमन की उस्मान युसुफ केनादीद यांनी बनवलेली उस्मानिया, हा वाद कित्येक वर्षं भिजत पडला होता. सरकारने रोमनच्या बाजूने तो मिटवला आणि साक्षरतेची मोठी मोहीम काढली. फराह यांनीही लगेच आपल्या मातृभाषेत कादंबरी लिहायला घेतली. १९७३ मध्ये ती वर्तमानपत्रात क्रमशः येऊ लागली. सेन्सॉरने ती मध्येच बंद पाडली. ‘स्वतःच्या भाषेत का लिहीत नाही,’ असं इंग्रजीत लिहिणाऱ्या आफ्रिकी-आशियाई लेखकाला आपण सहज विचारतो. फराह यांनी लिहून पाहिलं होतं. ते दार सरकारने लावलं.

पुढची घटना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जानेवारी १९७५ मध्ये बार्रे सरकारने नवा कुटुंब कायदा आणला. त्यात वारसाहक्कात मुलगा आणि मुलगी समान करण्यात आले. मशिदींतून त्याला विरोध झाला. सरकारने दहा उलेमांना गोळ्या घालून ठार केलं आणि इतर अनेकांना तुरुंगात टाकलं.

जरा थांबून विचार करावा अशी ही गोष्ट आहे. मुलीला वाटा मिळावा ही मागणी आपली. पण ती अंमलात आणणारा कोण? ज्याने संसद बंद केली, वर्तमानपत्रं गिळली, ज्याच्या राज्यात पहाटे माणसं उचलली जात. बाईच्या हक्काच्या नावाने माणसं मारली गेली. त्यानंतर सोमालियात बाईच्या हक्काची गोष्ट काढणाऱ्या प्रत्येकावर सरकारचा माणूस असा शिक्का बसणं सोपं झालं. सुधारणेचं याहून मोठं नुकसान कुठला कट्टरपंथी करू शकला असता?

१९७६ मध्ये फराह यांची ‘अ नेकेड नीडल’ ही कादंबरी बाहेर पडली. राजवटीची खिल्ली त्यात पुरती झाकलेली नव्हती. ते तेव्हा परदेशात होते आणि रोममार्गे घरी परतणार होते. विमानतळावर घ्यायला ये, असं सांगायला त्यांनी रोमहून भावाला फोन केला. भावाने सांगितलं की परत येऊ नकोस, सोमालिया आता तुझ्यासाठी उरला नाही असं समज. तो सल्ला त्यांनी मानला. पुढची वीस वर्षं ते मायदेशी जाऊ शकले नाहीत.

या वीस वर्षांत ते इटली, इंग्लंड, जर्मनी, अमेरिका, नायजेरिया, गांबिया, सुदान, युगांडा असे फिरत राहिले, बरेचदा शिकवण्याच्या नोकऱ्या करत. पण एकाही कादंबरीत त्यांनी सोमालिया सोडला नाही. देशाविषयी लिहून देश जिवंत ठेवणं हे आपलं काम आहे, असं ते सांगत आले आहेत. परदेशी राहून परदेशाच्या गोष्टी लिहिणं सोपं झालं असतं, आणि कदाचित जास्त खपलंही असतं.

परागंदा अवस्थेत त्यांनी जी पहिली तीन पुस्तकं लिहिली त्यांना त्यांनी एकत्र नाव दिलं, आफ्रिकी हुकूमशाहीचे नाना प्रकार अशा अर्थाचं. ‘स्वीट अँड सावर मिल्क’ (१९७९), ‘सार्डिन्स’ (१९८१) आणि ‘क्लोज सेसमी’ (१९८३). हुकूमशाहीवरच्या कादंबऱ्या म्हटल्यावर मी राजवाडा, सेनापती, कटकारस्थानं यांची वाट पाहत होतो. जनरल मात्र या पुस्तकांत जवळजवळ दिसतच नाही. दिसतात ती घरं. बाप, मुलगे, सासू, सून, नात.

पहिल्या कादंबरीत सोयान हा सरकारी अधिकारी अचानक मरतो. त्याचा जुळा भाऊ लोयान दातांचा डॉक्टर आहे. भावाचा मृत्यू संशयास्पद आहे हे त्याला कळतं. सोयान गुपचूप राजवटीविरुद्ध लिहीत होता. पण सरकार जाहीर करतं की मरताना त्याच्या ओठांवर जनरलची स्तुती होती. मेलेला विरोधक क्रांतीचा हुतात्मा बनतो. या खोट्याला साक्षीदार कोण? सोयानचा बाप, कैनान. तो जुना पोलीस अधिकारी. घरात त्याचा शब्द म्हणजे कायदा, बायकामुलांना मारणं हा त्याचा हक्क, आणि जनरलपुढे तो मांजर. ज्याने घरात कधी प्रश्न सहन केला नाही तो बाहेर प्रश्न विचारू शकत नाही. आणि जनरलला देश चालवायला असेच लाखभर बाप लागतात. या राजवटीचे हेर लिहितावाचता न येणारे असतात. ऐकायचं आणि तोंडी सांगायचं. कुठे कागद नाही, म्हणून कुठे पुरावाही नाही. ज्या समाजाने तोंडी कवितेतून आपली स्मृती जपली, त्याच समाजाच्या तोंडी परंपरेचा फास बनवलेला आहे.

‘सार्डिन्स’ची मेदिना पत्रकार आहे. सरकारी वर्तमानपत्राची संपादक नेमल्यावर ती जनरलच्या भाषणांना कात्री लावते आणि पद गमावते. नवरा टोळीच्या दबावाखाली मंत्रिपद स्वीकारतो. पण मेदिना घर सोडते त्यामागे आणखी एक कारण आहे. तिच्या आठ वर्षांच्या मुलीची, उबाहची, खतना करायची असं सासूने ठरवलेलं आहे. सोमालियात ही चाल किती खोलवर आहे हे सांगायला एक आकडा पुरे : पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी सुमारे ९८ टक्के बायका यातून गेलेल्या आहेत, आणि तिथला प्रकार सर्वांत क्रूर, शिवून टाकण्याचा आहे. मेदिनाला एकाच वेळी दोन लढाया आहेत, एक सरकारशी, एक सासूशी. तिला कुणी म्हणत नाही की आधी जनरलला घालव, मग मुलीचं बघू. कारण तोवर मुलगी मोठी झालेली असेल. आपल्याकडेही गेल्या काही वर्षांत बोहरा समाजातल्या बायका याच विषयावर उघड बोलू लागल्या, सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रश्न गेला. त्यांनाही समाजाची बदनामी करता म्हणून ऐकून घ्यावं लागलं.

इथवर वाचून कुणी म्हणेल, ठीक आहे, हा एक पाश्चात्त्यांना आवडणारा, धर्मावर चिडलेला लेखक दिसतो. त्या वाचकाने ‘क्लोज सेसमी’ जरूर वाचावी. तिचा नायक दीरीये हा दम्याचा विकार असलेला म्हातारा. नमाज, रोजा, तस्बीह यांत मुरलेला, सय्यदांच्या कविता ऐकत बसणारा. तरुणपणी इटालियन सत्तेने त्याला कैदेत टाकलं, कारण आसऱ्याला आलेल्या माणसाला त्याने ताब्यात दिलं नाही. मेलेल्या बायकोवर त्याचं अजून प्रेम आहे, ती त्याच्या स्वप्नात येते, तो तिच्याशी बोलतो. सुनेशी, नातवाशी, शेजारच्या पोराशी तो हळुवार वागतो. इतका धार्मिक आणि इतका सभ्य माणूस आजच्या इंग्रजी कादंबरीत मला दुसरा भेटलेला नाही. जनरलविरुद्धच्या कटात त्याच्या मुलाचा जीव जातो, तेव्हा हा म्हातारा स्वतः पिस्तूल घेऊन निघतो. काय झालं ते आपल्याला ऐकीव कळतं : ऐन वेळी पिस्तुलात तस्बीहच्या मण्यांचा गुंता झाला आणि तो मारला गेला.

मी हा शेवट पुन्हा पुन्हा वाचला. फराह त्याची थट्टा करत नाहीत, त्याला हुतात्माही करत नाहीत. कैनानही मुसलमान आणि दीरीयेही मुसलमान. एक धर्माचा आधार घेऊन घरात हुकूम चालवतो. दुसऱ्याला धर्माने हे शिकवलंय की आसरा मागणाऱ्याला हवाली करायचं नसतं, सत्ता कुणाचीही असो. धर्म की सुधारणा असा प्रश्न फराह विचारत नाहीत. तुझ्या घरात तुझ्यापेक्षा दुबळा जो आहे त्याच्याशी तू कसा वागतोस, एवढंच ते बघतात.

हीच कसोटी त्यांनी राष्ट्रवादालाही लावली. १९७७-७८ मध्ये बार्रे यांनी ओगाडेन जिंकायला युद्ध छेडलं. फराह स्वतः तिथले, त्यामुळे त्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या तर नवल नव्हतं. त्यांनी ‘मॅप्स’ (१९८६) लिहिली. अस्कर हा अनाथ मुलगा, बाप लढ्यात मेला, आई बाळंतपणात. त्याला वाढवते मिस्रा ही बिगर-सोमाली बाई, कल्लाफोमध्येच. मोगादिशूला मामाकडे गेल्यावर मुलाच्या खोलीत नकाशे लागतात आणि रक्तात देश चढतो. मग मिस्रा निर्वासित होऊन दारात येते, तिच्यावर गद्दारीचा संशय आहे. जिने दूध-भात भरवला ती शत्रू आणि जो नकाशा भिंतीवर आहे तो आपला, असं समजायचं का? शेवटी मिस्राचं प्रेत सापडतं. तिला मारलं कुणी हे पुस्तक स्वच्छ सांगत नाही, आणि अस्करवरचा आपला संशयही जात नाही.

जानेवारी १९९१ मध्ये बार्रे पळाले. ज्याच्यामुळे घर सुटलं तो गेला, पण परतायला घर उरलं नव्हतं. टोळ्यांच्या पुढाऱ्यांनी मोगादिशूचे तुकडे केले. एक धर्म, एक भाषा, एकच पंथ असलेला देश आजोबा-पणजोबांच्या नावांवरून एकमेकांना मारू लागला. आपल्यातले काहीजण फुटीचं सगळं खापर मसलक आणि भाषेवर फोडतात, त्यांनी सोमालिया जरूर बघावा. लाखो लोक निर्वासित झाले. फराह यांचे नातेवाईकही त्यांत होते. केनियापासून युरोपपर्यंत विखुरलेल्या सोमालींना भेटून त्यांनी ‘यस्टरडे, टुमॉरो’ हे पुस्तक केलं, आणि त्यातले लोक बहुतेक वेळा ‘दुसऱ्या टोळीने केलं’ एवढंच सांगतात हे त्यांनी न लपवता लिहिलं.

१९९६ मध्ये ते पहिल्यांदा परत गेले. दोन वर्षांनी त्यांना नॉयस्टाट हे मोठं आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं आणि त्याच सुमारास त्यांनी केपटाउनला बस्तान बसवलं. नंतरच्या कादंबऱ्यांत माणसं परत जातात. ‘लिंक्स’मधला जीबले न्यूयॉर्कहून आईची कबर शोधायला येतो. ‘नॉट्स’ची कंबारा टोरांटोहून येते ती एका युद्धखोराने बळकावलेलं आपल्या कुटुंबाचं घर सोडवायला. तिच्या मदतीला येतं ते मोगादिशूतल्या बायकांचं जाळं. पहिल्या कादंबरीतली एब्ला घरातून पळाली होती. जवळपास चाळीस वर्षांनी कंबारा घर परत घेते.

त्यांच्या उणिवाही नमूद केल्या पाहिजेत. त्यांची पात्रं बहुतेक शिकलेली, परदेशात राहिलेली, तासन्‌तास चर्चा करणारी. गुराख्याचं, हमालाचं जग एब्लानंतर फारसं उरत नाही. काही ठिकाणी संवाद भाषणासारखे होतात. इतकी वर्षं बाहेर राहिलेल्याला आतलं किती कळणार, हा आक्षेपही त्यांच्यावर घेतला जातो. त्यात तथ्य असेल. पण आत राहिलेल्यांचं काय झालं तेही पाहावं. मोठे कवी हद्रावी तेव्हा देशातच होते. १९७३ पासून पाच वर्षं ते तुरुंगात होते.

आणि किंमत फराह यांनी पैशात किंवा गैरसोयीतच मोजली असंही नाही. जानेवारी २०१४ मध्ये काबूलमधल्या एका रेस्टॉरंटवर तालिबानने हल्ला केला. मेलेल्यांत त्यांची बहीण बसरा होती. ती युनिसेफसाठी तिथे मुलांच्या पोषणाचं काम पाहत होती. त्याच वर्षी आलेल्या त्यांच्या ‘हायडिंग इन प्लेन साइट’ची सुरुवातच मोगादिशूतल्या दहशतवादी हल्ल्यात संयुक्त राष्ट्रांचा एक सोमाली अधिकारी मरतो तिथून होते. चार वर्षांनी ‘नॉर्थ ऑफ डॉन’ आली. ऑस्लोतल्या एका सोमाली दांपत्याचा मुलगा आत्मघातकी हल्ल्यात मेलाय. त्याची विधवा आणि तिची मुलं त्यांच्या दारात येतात. ज्याची बहीण अशा हल्ल्यात गेली त्याने हल्लेखोराच्या आईबापाच्या घरात बसून कादंबरी लिहावी, आणि त्याच पुस्तकात नॉर्वेतल्या मुसलमानद्वेष्ट्यांनाही मोकळं सोडू नये, हे मला सोपं वाटत नाही. राग एका बाजूला ढकलून मोकळं होण्याची सोय त्यांच्याकडे होती. त्यांनी ती घेतली नाही.

आता त्या लेखाबद्दल.

‘ही वेळ नव्हे’ म्हणणाऱ्या साथींना माझं उत्तर असं. आपल्या देशातही मुस्लिम बाईच्या कैवाराची भाषा सत्तेने उचललेली आहे. २०१९ चा तिहेरी तलाकचा कायदा आला तेव्हा त्या प्रथेविरुद्ध आयुष्य घालवलेल्या आपल्यातल्या अनेकांना धड आनंद करता येईना आणि धड विरोधही. सोमालियातलं १९७५ साल आणि आपली परिस्थिती एक नाही, पण धडा लागू पडतो. आपण गप्प राहिल्याने ती भाषा सत्तेच्या हातून सुटत नाही, उलट पूर्णपणे तिच्या हाती जाते. मुलीच्या वाट्याबद्दल आपण बोललो नाही, तर उद्या दुसरा कुणी बोलेल, आणि त्याला ना मुलीशी कर्तव्य असेल ना वाट्याशी. फराह यांनी जनरलचं राज्य आणि कैनानचं घर या दोन्हींवर एकाच पुस्तकात लिहिलं. एकावर लिहायला दुसऱ्याची परवानगी मागितली नाही.

शिवाय या प्रकरणात कुणी नवा कायदा मागत नाही. मुलीचा वाटा शरियतनेच दिलेला आहे. मुलाच्या निम्मा. तो निम्मा असावा की समान यावर आपल्यात मतभेद आहेत आणि ती चर्चा आपण या पानांवर करत आलो आहोत. पण जो निम्मा ठरलेलाच आहे तोही साडीवर मिटवायचा, आणि वर शरियत बचावाच्या सभेत पहिल्या रांगेत बसायचं, हे कुठल्या मसलकमध्ये बसतं?

हे मी वरच्या पायरीवर उभा राहून लिहीत नाही. अब्बा गेले तेव्हा मी पंचविशीत होतो, इंजिनिअरिंग होऊन नोकरीला लागलो होतो. आपाने हक्कसोडपत्रावर सही केली तेव्हा मी शेजारच्या खुर्चीवर होतो. त्या कागदावर घेणाऱ्यांच्या सह्यांत माझीही सही आहे. कुणी जबरदस्ती केली नाही. तिने स्वतःच, ‘मला काय करायचंय, तुम्ही सुखी राहा,’ असं म्हटलं. माहेर तुटू नये म्हणून बहिणी हे म्हणतात, आणि आपण ते खरं समजायचं ठरवतो. मी त्या दिवशी आवाज चढवला नव्हता, हात उगारला नव्हता. कैनान व्हायला त्याची गरज लागत नाही, हे मला एवढ्या उशिरा कळलं.

या महिन्यात मी घराची आजची किंमत काढली, तिच्या वाट्याचा हिशेब केला आणि तिला फोन केला. ती आधी हसली. म्हणाली, ‘राहू दे रे, आता कशाला.’ मग बराच वेळ काही बोलली नाही. शेवटी म्हणाली, ‘कागद करणार आहेस का?’ कागद करतो आहे. थोरल्या भावाशी अजून बोलणं व्हायचं आहे. ते सोपं जाणार नाही.

बाईंचा लेख या अंकात छापतो आहोत. त्यांच्या विनंतीप्रमाणे नाव आणि गाव वगळून, पण बाकी एक शब्द न बदलता. इंग्रजी विभागात त्याचा अनुवादही आहे. ज्या साथींनी विरोध केला त्यांचं म्हणणं त्यांनी लेखी द्यावं, तेही पुढच्या अंकात येईल. आणि ज्या वाचकांच्या घरात असा कागद कपाटात पडलेला आहे, त्यांनी तो एकदा काढून वाचावा. त्यावर कुणाकुणाच्या सह्या आहेत ते बघावं, आणि जिची सही आहे तिला फोन करावा.